जिवतीचा कुत्रा आणि विलायतेचा कायदा

आजच्या विषयाचं श्रेय जिवतीच्या एका निवृत्त गुरुजींना. आम्ही तिथे माणिकगडावर बोलायला गेलो होतो. व्याख्यान आटोपलं, चहा झाला, गर्दी पांगली, तरी गुरुजी थांबून राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. म्हणाले, "सर, आमच्या मोत्याला बी पासपोर्ट लागतो म्हणतेत, खरं का?"

मोत्या म्हणजे गुरुजींचा कुत्रा. गावठीच. कापसात रानडुकरं शिरली की रात्रभर भुंकणारा. गुरुजींची मुलगी जर्मनीत नर्स आहे. आई गेल्यापासून वडील एकटे, म्हणून ती त्यांना तिकडे बोलावते आहे. गुरुजींची अट एकच, मोत्या बरोबर येणार. पिशवीत गावातल्या शिबिरात टोचलेल्या रेबीजच्या लशीचं कार्ड होतं. आणि नंतर नागपूरला नेऊन मोत्याच्या कातडीखाली बसवलेल्या चिपची पावती होती. आम्ही दोन्हींच्या तारखा पाहिल्या आणि गप्प झालो. लस आधीची, चिप नंतरची. युरोपच्या नियमात अशी लस धरतच नाहीत. गुरुजींना ते सांगताना आम्हालाच अपराधी वाटलं. त्यांनी विचारलं, "पण कुत्रा तर तोच आहे ना?"

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. हा कुत्रा तोच आहे हे कशावरून? आपल्याकडे यावरून एकदा दंगल झाली आहे.

सन १८३२, जून महिना, मुंबईचा कोट. मोकाट कुत्री मारायचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि शिपायाला एका कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. आता आठ आण्यांसाठी कुत्रं हुडकणारा शिपाई ते कोणाचं आहे हे कशाला विचारील? दारातली, पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान, मृत्यूनंतरच्या विधीतही त्याची नजर लागते. लोक उठले. शिपायांना मार बसला, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही त्यात उतरले. पुढे दोन वर्षांत, १८३४ मध्ये, मुंबईची पांजरपोळ उभी राहिली, तिच्यामागे जमशेटजी जीजीभॉय होते. कुत्री मारण्यामागे पिसाळण्याची भीती होती, ती काही खोटी नव्हती. पण पाळलेलं कुठलं आणि मोकाट कुठलं, हे सरकारला ओळखता येत नव्हतं. भांडण तिथे पेटलं.

पिसाळलेल्या कुत्र्याची हीच भीती विलायतेतही होती, पण तिकडे एक सोय होती. चहूकडे समुद्र. वॉल्टर लाँग नावाचे मंत्री शेतीखात्याचे प्रमुख होते. त्यांनी कुत्र्यांना मुसकी बांधायची सक्ती केली. श्वानप्रेमी मंडळींनी त्यांना भरपूर शिव्या घातल्या, पण १९०२ पर्यंत ते बेट रेबीजमुक्त झालं. आत स्वच्छ झाल्यावर राहिला प्रश्न बाहेरून येणाऱ्यांचा. १८९७ पासून बाहेरच्या कुत्र्याला परवाना आणि विलगवास लागू झाला, आणि तो पुढे सहा महिन्यांवर स्थिरावला. पहिलं महायुद्ध संपता संपता शिपायांनी फ्रान्समधून लपवून कुत्री नेली, आणि १९१८ मध्ये प्लिमथच्या बाजूला रोग पुन्हा उपटला. तीनशेहून अधिक जनावरांना लागण झाली, आवरायला १९२२ उजाडलं. त्या अनुभवानंतर सहा महिन्यांच्या कोठडीला हात लावायची हिंमत तिकडे पुढची पंचाहत्तर-ऐंशी वर्षं कोणी केली नाही.

मुधोळच्या घोरपडे राजांनी पाचव्या जॉर्जला आपल्याकडच्या शिकारी कुत्र्यांची जोडी नजर केली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मुधोळ हाउंडचं कौतुक करताना ती हमखास सांगतात. त्याच कुळीतली कारवान कुत्री मराठवाड्यात आजही दिसतात. राजाच्या भेटीचं कौतुक इतिहासात राहिलं. हिंदुस्थानातून परतणाऱ्या साध्या गोऱ्या सोल्जराचा कुत्रा मात्र सहा महिने गजाआड बसायचा आणि त्याच्या खाण्याचा खर्चही मालकाच्याच खिशातून जायचा.

बरं, ही कोठडी तरी पक्की होती का? १९६९ मध्ये केंबर्ली गावात जर्मनीहून आलेला एक कुत्रा सहा महिने पूर्ण करून सुटला आणि थोड्याच दिवसांत पिसाळला. रेबीजचा विषाणू अंगात किती दिवस दडून राहील याचा नेम नसतो, म्हणून नुसत्या दिवस मोजण्यावर भरवसा ठेवता येत नाही. रक्ततपासणीने ही अडचण बरीचशी सोडवली. लस टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त भरली की लस लागू पडली असं धरतात. या आधारावर २००० साली ब्रिटनने निवडक देशांच्या कुत्र्यांना कोठडी माफ केली. त्या निवडक देशांत आपण नव्हतो. भारतातल्या कुत्र्याची सहा महिन्यांची कैद सुटली ती थेट १ जानेवारी २०१२ ला.

आता मोत्याकडे येऊ. युरोपचा क्रम असा. पहिली चिप, पंधरा आकडी. मग लस, तीही कुत्रा बारा आठवड्यांचा झाल्यावरच. लशीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त, तेही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. हे थांबणं लोकांना फार टोचतं. "अहवाल चांगला आलाय, मग आता कशाला?" असं विचारतात. कारण असं की लशीच्या आधीच कुत्र्याला लागण झालेली असली, तर ती या मुदतीत बहुधा वर येते. म्हणजे जुनी कोठडीच, फक्त अर्धी झाली आणि विलायतेतल्या पिंजऱ्याऐवजी आपल्या अंगणात आली. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे इथे जायचं तर शिवाय पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचं औषध डॉक्टरांनी स्वतः द्यावं लागतं. जर्मनीला ते लागत नाही, गुरुजींचं तेवढं वाचलं.

आणि चिप आधी का? नाहीतर लशीच्या कार्डावरचा मोत्या आणि समोर उभा असलेला मोत्या एकच, याला पुरावा नाही. गुरुजींना हे पटायला वेळ लागला नाही. जिवती तालुक्यातल्या माणसाला कागदाचं दुखणं शिकवावं लागत नाही. राजुऱ्याकडचा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरला आलं की इंग्रजांचा अंमल. कुत्रं पोहून पलीकडे गेलं तर त्याला कोणी हटकत नसे. राजुरा तालुका आधी आदिलाबाद जिल्ह्यात, १९५६ ला नांदेडमध्ये, १९५९ ला चांद्यात आला. डोंगरावर कोलाम आणि गोंड आधीपासूनचे. मराठवाड्यातून दुष्काळाने उठून आलेली माणसं नंतरची. त्यांच्याकडे वनहक्कासाठी पंचाहत्तर वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात. तो कुठून आणायचा? आणि परमडोली, मुकदमगुडा धरून सीमेवरची चौदा गावं अशी, की तिथे घरोघरी दोन राज्यांची मतदारकार्डं. "आमचे कागद जास्त, तर मोत्याचे कमी," असं म्हणून गुरुजी हसले.

मोत्याला चिप लागली की तो कोण हे सिद्ध होतं. पण कागद दुसरंही विचारतात, तू कुठून आलास? त्याचं उत्तर मोत्याच्या हातात नाही, आणि आमची खरी तक्रार इथे आहे. गोव्याचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारने मिशन रेबीज या संस्थेबरोबर २०१४ पासून जाळ्या घेऊन गल्लोगल्ली कुत्री पकडली, टोचली, सोडली. २०१७ नंतर पुढची काही वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. तरी म्हापशाचा कुत्रा आणि जिवतीचा कुत्रा युरोपच्या फॉर्मवर सारखेच, दोघेही भारताचे. अमेरिकेच्या १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांतही तेच. भारत जास्त धोक्याच्या यादीत, त्यामुळे पुण्याहून बॉस्टनला निघालेल्या कुटुंबाच्या कुत्र्याला वेगळे फॉर्म, वेगळी तपासणी.

यादी चुकीची आहे असं मात्र म्हणवत नाही. आपल्याकडे रेबीजने वर्षाला १८ ते २० हजार माणसं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा अलीकडचा अंदाज ५,७०० च्या आसपास. लहान आकडा धरला तरी रोजची पंधरा माणसं, त्यात पोरं पुष्कळ. तुमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला १९११ मध्ये काढलेली ती लस, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. आपण ती २००४-०५ पर्यंत वापरली. आता इंजेक्शन दंडात देतात आणि तीही कमी. पण डोंगरावरच्या पाड्यातून दवाखान्यापर्यंत जायला त्या दिवशी गाडी मिळाली पाहिजे, आणि दवाखान्यात लस असली पाहिजे. जर्मनीच्या विमानतळावर मोत्याला अडवतात ते मोत्यामुळे नव्हे, या पाड्यामुळे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासूनचा रेबीज संपवायचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला आहे. २०३० आता फार लांब नाही.

गुरुजींनी आमच्यासमोरच वहीत नवा हिशेब मांडला. चिप आहे, लस पुन्हा टोचायची, तीस दिवस, रक्त, तीन महिने. शेवटी सरकारी पशुवैद्यांचं प्रमाणपत्र, ते दहा दिवसांच्या आत युरोपात पोहोचून दाखवायचं. केंद्राच्या पशु संगरोध सेवेचा निर्यात दाखला मुंबईला मिळतो, दिल्लीला मिळतो, हैदराबादलाही मिळतो. गुरुजींनी हैदराबाद निवडलं, गाडी सोयीची म्हणून. त्यांचे आजोबाही म्हणे कागदासाठी हैदराबादलाच जायचे. मुलीला फोन लावून त्यांनी सांगितलं, "दिवाळीला नाही जमत बाई, होळी धर."