अंधेरीत फिर्यादी, मुलुंडमध्ये आरोपी

अब्रुनुकसानीच्या कायद्याच्या दोन्ही बाजू जावेद अख्तर यांनी अनुभवल्या, त्याही मुंबईच्या उपनगरांत. कंगना रनौत यांनी २०२० साली टीव्ही मुलाखतीत केलेल्या विधानांबद्दल त्यांनी त्याच नोव्हेंबरात अंधेरी कोर्टात फिर्याद दिली. पुढच्याच वर्षी, संघाची तुलना तालिबानशी केली म्हणून एका वकिलाने त्यांनाच मुलुंडच्या कोर्टात खेचले. दोन्हीकडे कलमे तीच: भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५००, १८६२ पासून लागू असलेली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. इथे विधान नुसते खरे असून भागत नाही, ते लोकहिताचे होते हेही आरोपीलाच दाखवावे लागते. बहुतेकांना हे ठाऊकच नसते.

पुरावे तपासून निकाल मात्र कुठेच लागला नाही. मुलुंडची फिर्याद नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे घेतली गेली. अंधेरीचे प्रकरण २८ फेब्रुवारी २०२५ रोजी वांद्र्याच्या कोर्टात मध्यस्थीने मिटले. कंगना यांनी विधाने मागे घेऊन माफी मागितली. चार वर्षांहून जास्त काळ गेला! हे झाले नामवंतांचे. तारखेच्या दिवशी ज्याचा रोज बुडतो, त्याने काय करायचे?

जुलै २०२४ पासून कलमाचा क्रमांक बदलला आहे: भारतीय न्याय संहिता, ३५६. शिक्षेत समाजसेवेचा पर्यायही आला आहे.