रिद्धपूरचे सामाईक धन : संहिता, संकेत आणि सहाध्यायी

‘मुक्त संस्कृती’ ही संज्ञा लॉरेन्स लेसिग यांच्या 2004 मधील ग्रंथामुळे चर्चेत आली. परंतु ज्ञानावर हक्क कोणाचा, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मराठी गद्याच्या आरंभापासूनच उपस्थित आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्याला मिळालेले उत्तर मात्र एकपदरी नाही.

चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात रिद्धपुरी एकत्र आले. तेथे म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. ज्याने जे पाहिले वा ऐकले त्याच्याकडे जावे, त्याची आठवण नोंदवावी आणि ती नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावी, अशी ही पद्धत होती. ‘लीळाचरित्र’ म्हणूनच रूढ अर्थाने एकाच्या लेखणीची निर्मिती नव्हे. म्हाइंभट तिचा कर्ता कमी आणि सहाध्यायींना जोडणारा दुवा अधिक आहे. केसोबासांनी पुढे त्याच सामग्रीतून ‘सूत्रपाठ’ आणि ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केले. एकाच्या संकलनावर दुसऱ्याने नवी रचना उभारणे येथे अपहार ठरत नव्हते. संस्कृतात लिहिण्याचा केसोबासांचा मानस नागदेवाचार्यांनी मोडून काढला, कारण त्यामुळे पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. भाषेची ही निवड वाचकाच्या हक्काविषयीची भूमिका आहे, केवळ प्रचाराची सोय नव्हे.

मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या प्रारंभीच्या आक्रमणात हरपली, असे परंपरा सांगते. ज्यांना ती मुखोद्गत होती, त्यांच्या स्मृतीतून संहिता पुन्हा उभी राहिली. त्यांत हिराइसेचे नाव अग्रभागी येते. एकाच्या पेटीत असलेली पोथी नष्ट झाली आणि अनेकांच्या कंठात असलेली उरली. या पुनर्रचनेतून वेगवेगळे पाठ निर्माण झाले. ‘शोधु’, ‘वासना’ अशा खुणांनी पाठभेद नोंदविण्याची महानुभावीय रीत पाहता, या परंपरेला एकमेव शुद्ध संहितेचा हव्यास फारसा नव्हता असे दिसते. तो आधुनिक संपादकांना जडला. त्यांच्याकडे पाहण्यास मुद्रणालय थांबलेले होते, हे त्याचे एक कारण असावे.

मात्र याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. परंपरेने तिचे श्रेय रवळोबासांना दिले जाते. सुंदरी आदी अन्य सांकेतिक लिप्याही प्रचारात आल्या. भाषा स्त्रीशूद्रांना खुली आणि लिपी बाहेरच्यांना बंद, असा हा पेच आहे. त्याला ढोंग म्हणणे सोपे. परंतु छळ, विटंबना आणि पाठाची मोडतोड यांचे भय असलेल्या समूहाला कुलूप हाच जतनाचा उपाय वाटला असेल, तर त्याचा दोष कुलपाकडे किती आणि दाराबाहेरच्या जमावाकडे किती, हे ठरवावे लागेल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी हे वाङ्मय पंथाबाहेर आले. ‘लिपी उकलली’ या विजयाच्या भाषेत एक गोष्ट झाकली जाते : पोथ्या जपणाऱ्या महंतांच्या सहकार्याविना उकलण्याजोगे काहीच हाती आले नसते. यवतमाळचे य. खु. देशपांडे (‘महानुभावीय मराठी वाङ्मय’, 1925), नागपूरचे ह. ना. नेने, 1978 मध्ये ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती देणारे वि. भि. कोलते, इंग्रजीत रिद्धपूरलीळा नेणाऱ्या अ‍ॅन फेल्डहाउस (1984) ही साखळी एका पोथीवरून दुसऱ्या अभ्यासकाकडे जाणाऱ्या विश्वासाची आहे.

कायद्याची चौकट या व्यवहाराला अपुरी पडते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राखीव राहतात. भावे 1926 मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ सर्वांचे झाले, त्याला शं. गो. तुळपुळे (मृत्यू 1994) यांनी जोडलेली पुरवणी मात्र अद्याप राखीव आहे. एकाच बांधणीतला एक भाग मोकळा, दुसरा नाही. आणि ज्यांच्या स्मृतीवर हा सारा डोलारा उभा आहे त्या हिराइसेला या हिशेबात जागाच नाही.

2024 मध्ये रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. अनेक पोथ्या आजही मठांत आणि खाजगी संग्रहांत आहेत. त्या मागणाऱ्या विद्यार्थ्याने बदल्यात मठाला काय द्यावे — वाचलेल्या पाठाची प्रत, पाठभेदांची सूची की केवळ ऋणनिर्देश — याचा संकेत अजून कोणत्याच लिपीत लिहिला गेलेला नाही.