झोपलेला विषाणू जागा कसा होतो?

नागीण हा आजार आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात आणि चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच विषाणूमुळे कमरेवर फोडांचा पट्टा उठतो. मग मधली सगळी वर्षं हा विषाणू होता कुठे? आणि त्याला उठवलं कोणी? आज या प्रश्नाचा इतिहास पाहू.

कांजिण्यांचा विषाणू हर्पिस कुळातला. तापानंतर ओठावर फोड आणणारा विषाणूही त्याच कुळातला. १९२९ साली अमेरिकेतील अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी विचार मांडला की हा ओठाचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहत असावा. पुरावा मिळायला १९७१ उजाडलं. जॅक स्टीव्हन्स आणि मार्जरी कुक यांनी उंदराच्या पाठीच्या कण्याजवळच्या गाठींमध्ये सुप्त विषाणू दाखवून दिला. पत्ता सापडला, पण तो गप्प का बसतो, हे कळलं नव्हतं.

उत्तराचा धागा वेगळ्याच ठिकाणी होता. १८८४ साली अल्ब्रेख्त कोसेल यांनी हंसाच्या रक्तपेशींतून हिस्टोन नावाची प्रथिनं वेगळी केली. आपल्या एका पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए याच प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा गुंडाळावा तसा. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की हिस्टोनवर ॲसिटिल गट चिकटला की जनुकांचं वाचन सोपं होतं. कारण समजायला सोपं आहे. डीएनएवर ऋण भार आणि हिस्टोनवर धन भार, म्हणून दोघं घट्ट बिलगतात. ॲसिटिल गट तो धन भार कमी करतो आणि पकड सैल होते.

योगायोग पाहा. त्याच १९६४ साली लंडनमध्ये एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांना युगांडातून आलेल्या एका कर्करोगाच्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींत नवा हर्पिस विषाणू दिसला. तोच एप्स्टाइन-बार विषाणू.

हे दोन धागे जुळले ते ब्युटिरेटमुळे. लोण्यात सापडणाऱ्या ब्युटिरिक आम्लाचाच हा क्षार. ब्युटिरेट दिल्यावर हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढले जात नाहीत, हे १९७८च्या सुमारास कळलं. लगेच १९७९ साली स्टॉकहोममधील जॉर्ज क्लाइन यांच्या गटाने दाखवलं की ब्युटिरेट दिलं की पेशींत झोपलेला एप्स्टाइन-बार विषाणू जागा होतो!

विषाणूच्या कणात डीएनए असतो, पण हिस्टोन नसतात. पेशीत शिरल्यावर पेशीच त्याच्यावर आपले हिस्टोन चढवते. सुप्त हर्पिसचा डीएनए असा गुंडाळलेला असतो, हे १९८९ साली देशमाने आणि फ्रेझर यांनी दाखवलं. त्या हिस्टोनवर मिथिल गटाच्या काही खुणा असल्या की जनुकं बंद राहतात. २०१५ साली अ‍ॅना क्लिफ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पायरी उलगडली. चेतापेशीवर ताण आला की मिथिलची खूण तशीच राहते, पण तिच्या शेजारी फॉस्फेट गट बसतो आणि बंद जनुकं बोलू लागतात. म्हणजे विषाणू आपल्याच पेशीची धोक्याची घंटा ऐकून उठतो.

याचा रुग्णाला काय उपयोग? ॲसायक्लोव्हिर हे औषध विषाणू आपल्या प्रती काढत असतानाच काम करतं. झोपलेल्याला ते हात लावू शकत नाही. २००९ साली अमेरिकेतील थॉमस क्रिस्टी यांच्या गटाने एलएसडी-१ हे मिथिल गट काढणारं विकर औषधाने रोखलं, तेव्हा प्राण्यांच्या चेतागाठींतला विषाणू जागाच झाला नाही.

म्हणून आज दोन वाटा समोर आहेत. एक, विषाणूला मुद्दाम उठवून मारायचं. दुसरी, त्याला कायमचं निजवून ठेवायचं. पहिली वाट चेतापेशींसाठी धोक्याची आहे, कारण त्या गेल्या तर सहसा परत येत नाहीत. दुसऱ्या वाटेची अडचण अशी की याच खुणा आपली स्वतःची जनुकंही सांभाळतात. विषाणूचं कुलूप घट्ट करताना आपली दारं बंद होऊ नयेत, खरी कसोटी तिथे आहे.