आधी चाक हटले, मग आसन : मेमरी सीटची कुळकथा

मोटारीत चालकाच्या जागी बसणे ही क्रिया सवयीने सोपी झालेली असली, तरी मुळात ती अवघड आहे. कारण गाडी चालवताना शरीराला जी जागा सोयीची असते, नेमकी तीच आत शिरताना आणि बाहेर पडताना अडचणीची ठरते. पाय पेडलपर्यंत नीट पोहोचावेत आणि हात किंचित वाकलेले राहावेत म्हणून आसन स्टीअरिंगच्या पुरेसे जवळ लागते. पण मांडी चाकाखालून सरकवायची, गुडघा दाराच्या चौकटीपासून वाचवायचा आणि मग पाठ टेकायची, तर तेच आसन दूर असलेले बरे. मेमरी सीट, म्हणजे चालकाने एकदा ठरवलेली स्थिती साठवून ठेवणारे आणि त्या स्थितीत आपणहून परतणारे विजेचे आसन, याच पेचातून जन्मले. घरातल्या दोघांनी एकच गाडी चालवायची म्हणून ते निघाले, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहता तो कारण अर्धेच सांगतो, आणि तेही नंतरचे.

पेच सोडवण्याचा पहिला प्रयत्न आसनाच्या नव्हे, तर चाकाच्या बाजूने झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी गाड्यांत स्टीअरिंगचा दांडा पक्का बसवलेला असे, चाकाचा घेर मोठा असे आणि समोरची सलग बैठक जागची हलत नसे. अमेरिकेत बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी या गाडीच्या उघड्या टूरिंग प्रकारात तर 1912 पासून पुढे कितीतरी वर्षे चालकाच्या बाजूचे दार नुसते पत्र्यावर उठवलेले, दिखाऊ होते. त्यामुळे चालकाला दुसऱ्या बाजूने चढून बैठकीवरून सरकत आपल्या जागी यावे लागे. अशा काळात बाजारात जी जोडसाधने आली, त्यांपैकी एकाला लोक सरळ ‘जाड्या माणसाचे चाक’ म्हणत. त्यात चाकाची कडी मध्याजवळ बिजागरीवर बसवलेली असे. खिट्टी सोडली की चाक उचलून बाजूला कलवता येई, आणि पोट आत गेल्यावर ते पुन्हा जागच्या जागी अडकवता येई. नाव असभ्य असले तरी उपाय बिनतोड होता. चाक पुन्हा कोठे बसवायचे याचा प्रश्नच त्यात नव्हता, कारण त्याची खाच एकच होती.

आसन हलू लागल्यावर हे सोपेपण गेले. सरकणारी बैठक हळूहळू रूढ झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील महागड्या गाड्यांत ती आधी तेलाच्या दाबाने आणि मग विजेच्या मोटरने सरकू लागली. त्याच सुमारास गाड्यांची उंची मात्र कमी होत चालली होती. 1957 सालची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉघम जमिनीपासून अवघी 55.5 इंच उंच होती. शिवाय त्या दशकात कडेपर्यंत वळवलेल्या समोरच्या काचेची फॅशन होती. तशी काच बसवायची तर पुढचा खांब खाली आल्यावर आतल्या बाजूला मोडलेल्या ढोपरासारखा वळवावा लागे, आणि आत शिरणाऱ्या माणसाचा गुडघा हमखास त्या वळणावर आपटे. छत खाली, खांब आडवा आणि चाक समोर, अशा तिहेरी कोंडीत सापडलेल्या ग्राहकाला आरशासारख्या चकचकीत गाडीत शिरताना अवघडल्यासारखे होऊ नये, ही डेट्रॉइटच्या विक्रीखात्यांची खरी चिंता होती.

1957 हे या कथेतले निर्णायक वर्ष. एल्डोराडो ब्रॉघम ही 13,074 डॉलर किमतीची गाडी स्थिती लक्षात ठेवणारी विजेची पुढची बैठक घेऊन आली. दोन वर्षांत तिच्या 704 प्रती बनल्या, यावरून ती किती थोड्यांसाठी होती हे कळते. मात्र या कुळकथेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गाडी मर्क्युरी टर्नपाइक क्रूझर होय. फोर्ड कंपनीने त्याच वर्षी ती पुष्कळ कमी किमतीत काढली आणि तिच्यात ‘सीट-ओ-मॅटिक’ नावाची योजना दिली. पुढेमागे आणि वरखाली मिळून 49 स्थिती कल्पून त्यांतली हवी ती चालकाने डायलवर लावायची, अशी ती रचना होती. किल्ली बंद केली की आसन मागे आणि खाली जाई; किल्ली फिरवली की ते डायलवर लावलेल्या स्थितीत परत येई.

या रचनेत यंत्राला आजच्या अर्थाने काहीच आठवत नव्हते. स्मरण होते ते डायलच्या काट्यात, म्हणजे चालकाने स्वतः लावलेल्या खुणेत, आणि मोटर त्या खुणेपर्यंत चालून थांबत असे इतकेच. तरीही मेमरी सीटचे सगळे तत्त्व येथे उघड दिसते. उतरण्यासाठी मागे जाणारे आसन जर आपली आधीची जागा विसरत असेल, तर ते मदत करण्याऐवजी प्रत्येक फेरीला चालकाला नव्याने बसण्याची जुळवाजुळव करायला लावेल. ‘जाड्या माणसाच्या चाका’ला जी एकच खाच पुरत होती, तिच्याऐवजी आता पुष्कळ खाचा झाल्या होत्या, आणि त्यांपैकी आपली कोणती हे कोणीतरी धरून ठेवणे भाग होते. माघार घेण्याची सोय आधी आणि तिच्यापोटी स्मृती नंतर, असाच या दोहोंचा तर्कसंगत क्रम लागतो.

टर्नपाइक क्रूझर 1958 नंतर बंद झाली आणि चाकाने पुन्हा डोके वर काढले. 1961 च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये गिअर ‘पार्क’वर असताना संपूर्ण स्टीअरिंग हाताने गाडीच्या मध्याकडे ढकलता येई, 1967 च्या थंडरबर्डमध्ये दार उघडताच ते आपोआप वर आणि आत कलत असे. या तोडग्यात नाट्य भरपूर होते, आणि आसनाला हात लागत नसल्याने स्मृतीची कटकटही नव्हती. पण 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेत स्टीअरिंगबाबतचे सुरक्षा-नियम लागू झाले. अपघातात चालकाची छाती चाकावर आदळली तर दांड्याने चेचत जाऊन तो आघात पचवावा आणि तो स्वतः मागे घुसू नये, अशी त्या नियमांची अपेक्षा होती. ज्या दांड्यावर चालकाचा जीव अवलंबून, त्याला फाटकासारखे बाजूला फिरवण्याची मोकळीक यानंतर फारशी उरली नाही. तो वरखाली कलण्यापुरता आणि पुढे लांबआखूड होण्यापुरता हलत राहिला. जागा करून देण्याची मुख्य जबाबदारी मात्र आसनाकडे आली.

आसनाला खरी स्मरणशक्ती मिळाली ती स्वस्त इलेक्ट्रॉनिक भागांमुळे, आणि महागड्या गाड्यांच्या दारावर किंवा आसनाच्या कडेला 1 आणि 2 असे आकडे असलेली बटणे 1980 च्या दशकात दिसू लागली. आसन कोठे आहे हे यंत्राला कळावे म्हणून आरंभी सरकत्या संपर्काचा, बदलता रोध देणारा भाग वापरत. पुढे मोटरच्या फेऱ्या मोजण्याची पद्धत रूढ झाली: मोटरच्या दांड्यावर छोटे चुंबक असते, त्याच्याजवळच्या संवेदकात दर फेरीला विजेचा एक ठोका उमटतो, आणि नियंत्रक ते ठोके मोजून आसन किती सरकले हे ठरवतो. चुंबकक्षेत्रामुळे वाहकात आडवा विद्युत्दाब निर्माण होतो हा एडविन हॉल याचा 1879 सालचा शोध, म्हणजेच हॉल परिणाम, त्यामागे आहे. अशा आसनाला आपली जागा थेट दिसत नाही. ठरलेल्या टोकापासून किती ठोके झाले एवढाच हिशेब त्याच्यापाशी असतो. हिशेब चुकला, तर पुष्कळ गाड्यांत बटण दाबून धरून आसन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन आणावे लागते, तेव्हा कुठे मोजणी पुन्हा मार्गी लागते.

1989 साली आलेल्या लेक्सस एलएस 400 मध्ये आसन, स्टीअरिंग आणि बाजूचे आरसे एकाच स्मृतीत बांधले गेले. किल्ली काढली की तिचे स्टीअरिंग वर सरके. चाक आणि आसन यांच्यातला जुना वाद येथे एका अर्थी तडजोडीने मिटला, कारण दोघेही थोडेथोडे हटू लागले. पण त्यासाठी आसनाला इतरांच्या बातम्या कळणे गरजेचे होते: दार उघडले का, पट्टा सुटला का, गिअर ‘पार्क’वर आहे का. प्रत्येक बातमीसाठी वेगळी तार ओढणे परवडणारे नव्हते. बॉश कंपनीने 1986 मध्ये जाहीर केलेली आणि 1991 च्या मर्सिडीझ एस-क्लासमध्ये वापरात आलेली कॅन ही संदेशप्रणाली, म्हणजे अनेक नियंत्रकांनी एकाच तारजोडीवरून आपापसांत बोलण्याची सोय, यामुळे ही अडचण दूर झाली. केव्हा मागे जायचे आणि केव्हा परतायचे याचे नियम त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने लिहिले. कोठे किल्ली बंद होताच आसन सरकते, कोठे पट्टा सुटल्यावर. परतणे कोठे इंजिन सुरू झाल्यावर, कोठे ब्रेक दाबल्यावर.

आसनाच्या या नियमांतला सगळ्यात नाजूक भाग चालकाची ओळख पटवण्याचा आहे. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत दूरनियंत्रक किल्ल्यांवर 1 आणि 2 असे आकडे असतात, आणि ज्या किल्लीने दार उघडले तिच्या मालकाची स्थिती आसन घेते. येथे यंत्र माणूस ओळखत नाही, किल्ली ओळखते. साहजिकच सहा फुटी नवऱ्याने बायकोची किल्ली उचलून दार उघडले, तर तो टेकतो न टेकतो तोच आसन त्याला पुढे नेऊ लागते, आणि गुडघे स्टीअरिंगच्या दांड्याला भिडेपर्यंत थांबत नाही. अशा वेळी आसनाचे कोणतेही बटण दाबले की हालचाल थांबावी, अशी तजवीज म्हणूनच बहुतेक गाड्यांत केलेली असते. टेस्लासारख्या गाड्यांत किल्लीची जागा फोनने घेतली आणि आकड्याच्या जागी चालकाची नोंद आली, त्यातच चढण्याउतरण्यासाठीची वेगळी स्थितीही साठवता येऊ लागली. तरी दोघांचेही फोन जवळ असताना दाराशी नेमके कोण आले आहे, हा प्रश्न उरतोच.

भारतात ही सोय दीर्घकाळ बड्या विदेशी गाड्यांपुरती होती. पुण्याजवळच्या चाकणला बनू लागलेल्या महिंद्र एक्सयूव्ही 700 ने 2021 मध्ये ती मध्यम किमतीत आणली: दार उघडताच चालकाचे आसन मागे सरकून जागा करून देते, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला स्वागताचेच नाव आहे. ही गाडी उंच असल्याने तिच्यात वाकून शिरावे लागत नाही, उलट चढावेच लागते. तेव्हा 1957 मधली गरज येथे अर्धी आतिथ्य झाली आहे, असे म्हणायला हरकत नाही. गुडघे दुखणाऱ्याला किंवा साडी सावरत चढणारीला मात्र ती काही इंचांची जागा आतिथ्याहून अधिक मोलाची आहे. आठवडाभर ड्रायव्हर आणि रविवारी मालक, अशी ज्या घरी वाटणी असते तेथे तर आसनाच्या स्मृतीचा उपयोग वेगळा सांगायला नको.

आसन मागे जाते ते मागे बसलेल्याच्या दिशेने, ही गोष्ट मात्र चालकाच्या सोयीचा विचार करताना सहज नजरेआड होते. त्यामुळेच अनेक गाड्यांत ही माघार मुद्दाम तोकडी ठेवलेली आढळते: फोर्डच्या पुस्तिकांत ती जास्तीत जास्त 2 इंच, म्हणजे सुमारे 5 सेंटिमीटर सांगितलेली आहे, आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत कमी किंवा जास्त अंतर निवडता येते. आसन आधीच पार मागे असेल, तर अनेक गाड्यांत ते आणखी सरकतच नाही. मागे लहान मुलाची खुर्ची बांधलेली असताना किंवा कोणी पाय पसरून बसलेले असताना ही सोय मेनूतून बंद करून ठेवावी हे श्रेयस्कर.