कै. वि. स. पागे व रोजगाराची हमी

दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. पाऊस पडला नाहीं, पीक आलें नाहीं, म्हणून माणसें उपाशी राहिलीं, हा क्रम इतका सरळ दिसतो कीं, त्यांत अधिक विचार करण्यासारखें कांहीं असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आगगाड्या सुरू झाल्यानंतरचे महाराष्ट्रांतील दुष्काळ बारकाईनें पाहिले असतां निराळेंच चित्र दिसतें. बाजारांत धान्य बहुधा असे. नसे तो तें विकत घेण्यास लागणारा पैसा. ज्याच्या शेतांत पीक नाहीं तो मजूर लावीत नाहीं, आणि ज्यास मजुरी नाहीं त्यास जोंधळ्याचा भाव विचारण्याचेंही कारण उरत नाहीं. म्हणून भुकेचा प्रश्न हा आपल्याकडे प्रथमपासून कामाचा प्रश्न आहे. तें काम द्यावयाचें केव्हां, आणि द्यावयाची वेळ आली हें ठरवावयाचें कोणीं, ह्या एका मुद्द्याभोंवतीं सरकार व रयत ह्यांचा वाद शंभर वर्षें चालला. त्या वादाचा निकाल ज्यांनीं रयतेच्या बाजूनें कायद्यांत लिहून घेतला, त्या विठ्ठल सखाराम पागे ह्यांच्या कार्याचा विचार येथें करावयाचा आहे.

पागे ह्यांच्या कामाचें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागेल. १८७६ सालीं दख्खनमध्यें पाऊस फसला आणि पुढील दोन वर्षें लोकांनीं भयंकर हाल सोसले. सरकारनें रस्त्यांचीं व तलावांचीं कामें काढलीं. परंतु खर्च फार होतो अशी ओरड होऊन १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं मजुरी खालीं आणली. पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा, एवढ्यावर दिवसभराची खडी फोडावयाची, असा तो हिशेब होता. त्या वेळीं मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा ह्या प्रसंगीं त्यांच्या पाठीशीं उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, व न्या. रानडे ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढें मांडली. आपल्याकडे भुकेविषयींची सार्वजनिक चळवळ सुरू झाली ती येथून.

ह्या दुष्काळानंतर चौकशीमंडळ बसलें, १८८० सालीं त्याचा अहवाल आला आणि पुढें निरनिराळ्या प्रांतांस दुष्काळसंहिता मिळाल्या. ह्या संहितांचें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. पीक बुडाल्यावर अधिकाऱ्यानें काय पाहावें, कामें केव्हां काढावीं, मजुरी किती द्यावी, जे काम करूं शकत नाहींत त्यांस काय द्यावें, हें सर्व त्यांत क्रमवार लिहिलें होतें. परंतु ह्या घराला दार एकच होतें व त्याची किल्ली सरकारच्या हातीं होती. दुष्काळ आहे असें सरकारनें म्हटल्यावांचून संहितेचीं पानें उघडत नसत. १८९६-९७ च्या दुष्काळांत टिळकांनीं व सार्वजनिक सभेनें संहितेंतील तरतुदी गांवोगांव समजावून सांगण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां सरकारची मर्जी खप्पा झाली आणि १८९७ सालीं सभेची सरकारी मान्यता गेली. संहिता सरकारनेंच लिहिलेली. पण ती रयतेस वाचून दाखविणें हा उपद्व्याप ठरला. पुढें १९४३ सालीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें मेलीं, तरी तेथील सरकारनें संहितेप्रमाणें दुष्काळ जाहीर केलाच नाहीं. किल्ली एकाच्या हातीं असण्याचा परिणाम ह्याहून स्पष्टपणें कोठें दिसावयाचा?

स्वराज्य आल्यावर राज्यकर्त्यांची वृत्ति पालटली, पण मूळ रचना फारशी पालटली नाहीं. ह्याची एक मोठी चमत्कारिक साक्ष आपल्या कायद्यांच्या पुस्तकांत आहे. १९६३ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें एक कायदा करून राज्यास लागू असलेल्या सर्व कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला व त्याच्या जागीं टंचाईवाचक शब्द घातला. हेतु वाईट नव्हता. पूर्वीसारखीं माणसें मरूं द्यावयाचीं नाहींत, असा निश्चय त्यामागें होता. तथापि शब्द गेल्यानें शेतमजुराच्या घरांतील चूल पेटत नाहीं. त्याचे दिवस पावसाच्या सालींही कठीण असत. पेरणी व कापणी ह्यांच्या दरम्यानचे महिने तो कामाशिवाय काढी, आणि ह्या नित्याच्या उपासमारीस टंचाईचीही व्याख्या लागू पडत नसे.

पागे ह्यांची दृष्टि नेमकी येथें गेली. १९१० सालीं जन्मलेले पागे हे स्वातंत्र्याच्या चळवळींत तयार झालेले, सर्वोदयाच्या विचाराकडे ओढा असलेले, संतवाङ्मयाचे अभ्यासक असे गृहस्थ होते. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें तेव्हां ते विधान परिषदेचे सभापति झाले आणि १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले. हें पद मानाचें खरें, पण त्यास सत्ता अशी नाहीं. सभापतीनें सभागृहाची शिस्त राखावयाची, दोन्ही पक्षांस सारखी संधि द्यावयाची, आणि स्वतः मात्र वादांत पडावयाचें नाहीं. त्याच्या हातीं खातें नसतें, खजिना नसतो, नेमणुका नसतात. अशा आसनावर बसलेल्या माणसानें राज्यांतील सर्वांत मोठ्या लोकोपयोगी योजनेचा जनक व्हावें, ही गोष्ट आमच्या मतें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या सार्वजनिक जीवनांत मंत्रिपदावांचून कांहीं होत नाहीं, अशी जी समजूत दृढ होऊन बसली आहे, तिला ह्याहून समर्पक उत्तर नाहीं.

१९६५ च्या सुमारास पागे ह्यांनीं तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांच्यापुढें आपली कल्पना मांडली, आणि सांगली जिल्ह्याच्या तासगांव तालुक्यांत, विसापूरच्या परिसरांत, तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला. कल्पना अगदीं थोडक्यांत सांगतां येते: जो अंगमेहनत करावयास तयार आहे त्यानें काम मागावें, आणि मागितल्यावर तें देणें सरकारला भाग असावें. ‘मागेल त्याला काम’ ह्या तीन शब्दांत ती पुढें सर्वतोमुखीं झाली. हे शब्द साधे असले तरी त्यांनीं जुनी संहिता उलटी केली आहे. पूर्वी कलेक्टरानें दुष्काळ आहे असें म्हटल्यावर मजूर कामावर येई. आतां मजूर दारांत उभा राहिला म्हणजे तेथें भूक आहे हें सिद्ध झालें, आणि कलेक्टरानें काम काढावयाचें. पोट भरलेला माणूस उन्हांत माती वाहावयास आपण होऊन येत नाहीं. तेव्हां गरजू कोण हें शोधण्यास निराळा पंच नेमावा लागत नाहीं.

१९७२ सालीं योजना राज्यभर लागू करण्याचें ठरलें, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर मोठा अवर्षणाचा घाला आला. नवी योजना बाजूस ठेवून जुन्या पद्धतीचीं टंचाईचीं कामें काढावीं लागलीं. तीं किती प्रचंड होतीं ह्याची कल्पना एका आंकड्यावरून येईल: १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें पन्नास लाख माणसें ह्या कामांवर होतीं. राज्याची लोकसंख्या त्या वेळीं पांच कोटि होती. म्हणजे दर दहा माणसांमागें एक माणूस खडी फोडीत, रस्त्यावर माती टाकीत किंवा पाझर तलावाचा बांध घालीत होता. सुकडी व परदेशांतून आलेला तांबडा मिलो खाऊन काढलेले ते दिवस जुन्या माणसांच्या बोलण्यांत वर्षानुवर्षें येत राहिले. हाल झाले, गुरें गेलीं. परंतु १८७७ प्रमाणें वा बंगालप्रमाणें माणसांचा संहार झाला नाहीं. काम व मजुरी मिळाली म्हणजे धान्य माणसापर्यंत पोंचतें, ह्या सिद्धांताची एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेली ही परीक्षाच होती. त्याचबरोबर दुसरीही एक गोष्ट दिसून आली. घाईनें काढलेल्या कामांत नुसती खडीच पुष्कळ फुटली. तिच्यापासून शेताला पाणी मिळालें नाहीं. कामें आधीं योजून ठेविलीं पाहिजेत, हा धडा त्यांतून मिळाला.

हमी द्यावयाची तर पैसा लागतो, आणि तो दरसालच्या अंदाजपत्रकाच्या कृपेवर ठेवून भागत नाहीं. म्हणून १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला. शहरांतील पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी ह्यांनीं आपल्या मिळकतींतून कांहीं द्यावें, सरकारनें तितकीच भर घालावी, आणि त्यांतून खेड्यांतील मजुरास काम मिळावें, अशी ही सोय होती. ह्या कराचा मोठा भाग अर्थातच मुंबईनें भरला. आपल्या पगारपत्रकावर दरमहा वजा होणाऱ्या त्या लहानशा रकमेचा उगम तासगांव तालुक्यांतील एका प्रयोगांत आहे, हें किती वाचकांस ठाऊक असेल?

त्यानंतरची पायरी कायद्याची. योजना मंत्रिमंडळ करतें आणि मंत्रिमंडळ ती मोडूंही शकतें. कायदा मोडावयाचा तर विधिमंडळांत उभें राहून तसें उघड बोलावें लागतें. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ सालीं दोन्ही सभागृहांनीं एकमतानें संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदांत कामाचा हक्क सांगितला आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयांत मागतां न येण्याजोगा. त्यास प्रत्यक्ष रूप देण्याचा उद्देश ह्या कायद्यानें आपल्या आरंभींच नमूद केला. ग्रामीण भागांतील कोणाही प्रौढ स्त्रीपुरुषानें काम मागितलें असतां पंधरा दिवसांच्या आंत तें दिलें पाहिजे, न दिल्यास बेकारभत्ता दिला पाहिजे, खर्चाचा किमान साठ टक्के भाग मजुरीवर झाला पाहिजे, अशी त्याची रचना होती. स्त्रीस व पुरुषास एकाच मापानें दाम मिळावयाचें असल्यामुळें स्त्रिया फार मोठ्या संख्येनें कामावर आल्या. पुष्कळ ठिकाणीं त्यांची संख्या निम्म्याच्या आसपास असे.

येथपर्यंतची हकीकत वाचून, एक सज्जन मनुष्य भेटला आणि भूक नाहींशी झाली, असा कोणाचा ग्रह होऊं नये. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया. आणि तोही क्वचितच कोणाच्या हातीं पडला. नवें काम काढण्यास पन्नास मजुरांची मागणी लागे. खोटीं नांवें घातलेले हजेरीपट, मापांतील लबाडी, आठवडे आठवडे थकलेली मजुरी, हीं दुखणीं योजनेस जडलीं. गांवांतील मोठ्या बागाईतदारास मजूर महाग झालेला नको असे, आणि पाझर तलाव झाला तर त्याचें पाणी मात्र बहुधा त्याच्याच विहिरीस लागे. ज्यानें माती वाहिली त्याच्या नांवावर जमीनच नसे. १९८८ सालीं मजुरीचे दर बरेच वाढले, तेव्हां मागणाऱ्यांची संख्या कमी न होतां कामेंच कमी निघूं लागलीं, असें अर्थशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. हक्क कागदावर अखंड होता. कचेरींतील कारकून अर्ज घेईनासा झाला कीं तो हक्क तेथेंच संपे.

पण ह्या दोषांच्या शेजारीं एक गुणही ठेविला पाहिजे. पन्नास माणसांनीं एकत्र येऊन अर्ज करावयाचा, ही अट जाचक खरी. तथापि तिनेंच आजवर विखुरलेल्या भूमिहीनांस एकत्र येण्यास लावलें. तहसील कचेरीवर मोर्चा नेऊन, त्यांत बायकांनीं पुढें होऊन, ‘काम द्या, नाहींतर भत्ता द्या’ असें कायद्याच्या आधारें म्हणावें, ही गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यांत नवी होती. १८९७ सालीं संहिता वाचून दाखविणारी सभा सरकारास डोईजड झाली; शंभर वर्षें पुरीं होण्याच्या आंत मजूर स्वतःच कायदा वाचून दाखवूं लागला. ह्या फरकाचें मोल पाझर तलावांच्या संख्येनें करतां येणार नाहीं.

पागे १९९० सालीं वारले. २००५ सालीं देशाच्या संसदेनें ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचा अनुभव त्यापुढें होता. पंधरा दिवसांची मुदत व बेकारभत्ता ह्या तरतुदी तेथेंही आल्या. मात्र केंद्राच्या कायद्यानें कुटुंबामागें वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यांत अशी मर्यादा नव्हती. मागेल तितके दिवस काम, असें म्हणण्याचें धाडस त्या वेळच्या एका राज्यानें, तेंही फारशी सुबत्ता नसतां, केलें होतें.

पुढील काळांत योजनांचीं नांवें बदलतील, दिवसांचे व दरांचे आंकडे खालींवर होतील. त्या प्रत्येक वेळीं एकच प्रश्न विचारावा असें आम्हांस वाटतें: दार उघडण्याची किल्ली कोणाच्या हातीं आहे? ज्याला भूक लागली आहे त्यानें मागितलें म्हणजे पुरतें, कीं आधीं दुसऱ्या कोणीं त्याची भूक मान्य करावी लागते? पहिलें असेल तर पागे ह्यांचें काम टिकलें असें समजावें. दुसरें असेल, तर नांव कांहींही दिलेलें असो, आपण पुन्हां दुष्काळसंहितेकडे परतलों आहों.