क्लिंकंट आणि आपला बेगड

मंडळी, आज एका म्हाताऱ्या इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगते. शब्द आहे 'क्लिंकंट'. अर्थ झगमगणारा, सोन्यारुप्याने लखलखणारा. आता तो कोणी बोलत नाही, जुन्या नाटकांत आणि जाडजूड शब्दकोशांतच भेटतो.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात डोळ्यांचा नव्हे, कानांचा! फ्रेंचमध्ये धातूच्या किणकिणाटासाठी एक क्रियापद होते, त्यावरून तो आला. इंग्रजी 'क्लिंक' त्याच्याच नात्यातला. धातू वाजतो तसा चमकतोही, आणि अर्थ हळूहळू वाजण्याकडून चमकण्याकडे सरकला.

शेक्सपियरने हा शब्द 'हेन्री द एट्थ' या १६१३ च्या नाटकात वापरला आहे. प्रसंग १५२० च्या जूनचा. कॅलेजवळ इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस मैत्रीसाठी भेटले. तंबूसुद्धा जरीचे! पहिल्या दिवशी फ्रेंच सरदार नखशिखान्त 'क्लिंकंट'. दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी तोडीस तोड थाट केला, तेव्हा नाटककाराला उपमा आठवली ती इंडियाची. त्या काळी युरोपात हे नाव म्हणजे संपत्तीची खाण. या कपड्यांपायी कित्येक सरदारांच्या जमिनी बुडाल्या, हेही त्याच नाटकातली पात्रे बोलतात.

पुढे फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'खोटी चमक' असा झाला. 'टिन्सेल'चेही तेच. त्याचे मूळ ठिणगी या अर्थाच्या फ्रेंच शब्दात. आधी ते सोन्याचांदीच्या तारांचे भारी कापड होते, नंतर स्वस्त चकाकी झाली.

आपल्याकडे बेगड आहेच की! आमच्या लहानपणी गणपतीच्या मखराला, नवरदेवाच्या बाशिंगाला बेगड लावत. ते सोने आहे असे कोणीच म्हणत नसे; हौस म्हणून लावायचे, एवढेच. तरी 'बेगडी' ही शिवी झाली. मला हे नेहमी खटकते. फसवणूक त्या बिचाऱ्या चकचकीत कागदात नसते, त्याला सोने म्हणून खपवणाऱ्यात असते.

आणि त्या दोन राजांचे? त्यांच्या अंगावरचे सोने अगदी अस्सल होते. पण १५२२ साली इंग्लंड आणि फ्रान्स पुन्हा एकमेकांशी लढत होते. आता सांगा, त्या भेटीत बेगडी काय होते?