न्यूरोडायव्हर्स विद्यार्थी (बालाघाट जिल्हा)

न्यूरोडायव्हर्स विद्यार्थी : ज्यांचा मेंदू बहुसंख्यांहून वेगळ्या रीतीने वाचतो, लक्ष देतो किंवा भोवतालाला प्रतिसाद देतो, असे विद्यार्थी. वाचन, लेखन व गणनाशी निगडित अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि अवधानदोष-अतिचंचलता (एडीएचडी) यांचा त्यांत समावेश होतो. बौद्धिक अक्षमता ही वेगळी स्थिती असून ती काही मुलांत यांच्या सोबतीने आढळते. ही संकल्पना १९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या चळवळीतून पुढे आली.

भाषिक पार्श्वभूमी : वैनगंगेकाठचा बालाघाट जिल्हा गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. येथे घरोघरी मराठी, पोवारी, गोंडी अशा भाषा बोलल्या जातात. बैहरच्या बाजूस गोंड व बैगा वस्ती आहे. शाळेची भाषा मात्र मुख्यतः हिंदी.

ओळख : वाचन-अक्षमता असलेले मूल शब्दातील ध्वनी सुटे करताना अडखळते. वेलांटी-उकार व जोडाक्षरे त्याला वर्षानुवर्षे चकवतात. पण भाषा बदलल्यामुळे होणाऱ्या चुकाही वहीत तशाच दिसतात. मराठी घरातले मूल हिंदीच्या वहीत ‘कवि’ऐवजी ‘कवी’ किंवा ‘फल’ऐवजी ‘फळ’ लिहिते, तेव्हा ते घरचीच सवय पाळत असते. अडचण घरच्या बोलीतही दिसत असेल, तरच अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. याउलट ‘हिंदी येत नाही’ एवढ्यावर समाधान मानले, तर खरी अक्षमताही लपून राहते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ चाचणी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीत असून तिची प्राथमिक तपासणी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. पोवारी व गोंडी या चार भाषांत नाहीत. तेथे घरची बोली जाणणाऱ्या शिक्षकाचे निरीक्षणच मोलाचे ठरते.

हक्क : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार नोंदवलेले असून त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, अतिचंचलतेची स्वतंत्र नोंद नाही. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी हा कायदा शासन व स्थानिक संस्थांवर टाकतो. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर देण्याची व १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती. शेजारच्या महाराष्ट्राने दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्यास १९९६ मध्येच सुरुवात केली होती. मध्य प्रदेशात समग्र शिक्षा योजनेखाली मोबाइल स्रोत सल्लागार (एमआरसी) शाळाशाळांतून फिरून दिव्यांग मुलांच्या शिक्षणास मदत करतात.

वर्गातील साहाय्य : सूचना एका वेळी एकच द्यावी. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी उत्तर तोंडी घ्यावे आणि लेखनाला जादा वेळ द्यावा. स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, बदल आधी सांगावा आणि गोंगाट असह्य झाल्यास त्याला शांत जागा द्यावी. अतिचंचल मुलाला वह्या वाटणे, फळा पुसणे अशी हालचालीची कामे द्यावीत. यांसाठी विशेष खर्च लागत नाही.

मूल्यमापन : वहीत मागे पडलेले मूल गोष्ट रंगवून सांगते, यंत्र खोलून जोडते, चित्र काढते किंवा आवडत्या विषयातले बारकावे अचूक लक्षात ठेवते. ही कौशल्ये शिक्षकाने प्रगतिपुस्तकात नोंदवली, तर पालकांच्या व त्या मुलाच्याही मनातली त्याची प्रतिमा बदलते. सीमाभागातील शाळेने एवढे तरी पाळावे : कोणत्याही मुलाला ‘मंद’ ठरवण्यापूर्वी त्याला त्याच्या घरच्या बोलीत बोलते करावे.